सात हजार सातशे किलोमीटर

“बाजूला हो गं, सावली पडतेय तुझी,” हे म्हणाले.

मी बाजूला झाले. हे स्टुलावर उभे होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि दोऱ्याचं एक टोक अंगठ्याखाली, भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर आमचं शहर जिथे आहे तिथे दाबून धरलेलं. दोरा माझ्या रिळातला होता आणि मला न विचारता घेतलेला.

“आता हे दुसरं टोक लेकीच्या शहरावर धर. नीट, ठिपक्याच्या मधोमध.”

“ठिपका दिसतोय कुठे? टाचणीच्या डोक्याएवढा तर आहे.”

“म्हणून तर मधोमध म्हणतोय.”

मी धरलं. यांनी दोरा ताणला, खूण केली, खाली उतरून पट्टीवर ठेवला. अडुसष्ट सेंटिमीटर. पुन्हा वर चढले, पुन्हा उतरले. असं तीनदा, कारण हे काहीही तीनदाच मोजतात. पातेल्यातलं दूधसुद्धा. मग नकाशाच्या खालचं प्रमाण पाहिलं, एका सेंटिमीटरला दोनशे किलोमीटर, आणि वर्तमानपत्राच्या कडेला गुणाकार केला.

“तेरा हजार सहाशे किलोमीटर. विमान ताशी साडेआठशेनं जातं असं धरू. सोळा तास.”

“लेक तर नऊ का काहीतरी म्हणत होती.”

“ती म्हणत होती. मी मोजलंय.”

यावर बोलायची सोय नव्हती. आमचे हे रस्तेखात्यात चौतीस वर्षं मोजणीदार होते. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात ना, तो दगड नेमका कुठे बसवायचा हे ठरवणारा माणूस. आधी साखळी, मग फीत, मग ते लांब दांड्याचं चाक घेऊन यांनी निम्मा प्रांत पायी मोजलाय. आमच्या गल्लीत यांना सगळे टेपकाका म्हणतात. भिंतीवरचा नकाशा निवृत्तीच्या दिवशी खात्यानं भेट दिलेला. मी घरीच टोप्या शिवते. लोकरीच्या, कापडी, काठाच्या, बिनकाठाच्या. त्यामुळे आमच्या घरात फिती दोन आहेत आणि त्या एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत असा यांचा नियम आहे. माझी फीत म्हणे ताणलेली आहे.

एवढं मोजमाप चाललं होतं, कारण दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरांकडे जायचं होतं. गेल्या वर्षी माझ्या डाव्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. सहा दिवस दवाखान्यात होते. आणि लेक तिकडे, दुसऱ्या खंडात, पाचव्या महिन्यात अंथरुणाला खिळलेली. आधी दोनदा तिचा गर्भ टिकला नव्हता. या वेळी तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की उठायचंच नाही. जावई पावाच्या कारखान्यात कामाला. पहाटे जायचा तो दुपार कलल्यावर यायचा. लेक दिवसभर एकटी. “आई, तू ये,” एवढंच ती म्हणाली होती. माझ्या लेकीनं लग्नानंतर माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

डॉक्टर बाई चांगल्या आहेत, माझ्या लेकीच्याच वयाच्या. त्यांनी पाय दाबून पाहिला, घोट्याशी बोट रुतवून पाहिलं.

“काकू, गुठळी विरघळलीय. पण शीर आता नाजूकच राहणार. नऊ-दहा तासांचा प्रवास असेल तर मी विमान कंपनीला पत्र देईन. गोळ्या घ्यायच्या, घट्ट मोजे घालायचे आणि दर तासाला उठून चालायचं. त्याच्या वर नको. किती तास आहे?”

मी तोंड उघडलं, पण हे आधी बोलले.

“सोळा.”

“सोळा? मग राहू दे, काकू. एवढी जोखीम मी घेणार नाही.” आणि माझ्या कागदावर त्यांनी लिहून टाकलं, ‘सोळा तासांचा विमानप्रवास करू नये.’

बाहेर आल्यावर मी रडले नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर रडणारी बाई मी नव्हे. पण घरापर्यंत यांच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि ते यांच्या लक्षात आलं, कारण मी सहसा गप्प नसते.

आमची संध्याकाळ म्हणजे लेकीची सकाळ. त्या संध्याकाळी तिचा फोन आला. यांनी तो टेबलावर ठेवला, म्हणजे दोघांनाही ऐकू येईल.

“काय म्हणाल्या डॉक्टर?”

“नको म्हणाल्या,” हे म्हणाले. “सोळा तास फार होतात.”

“सोळा कुठून आले? बाबा, यंदापासून थेट विमान सुरू झालंय. सव्वानऊ तास लागतात.”

“निघतं कधी?”

“तिथून सकाळी अकराला.”

“आणि पोचतं कधी?”

“इथल्या सव्वाअकराला.”

हे माझ्याकडे बघून हसले. “ऐकलंस? अकराला निघतं आणि सव्वाअकराला पोचतं. पाव तासात दुसरा खंड!”

“बाबा, इथलं घड्याळ नऊ तास मागे आहे. तुम्हाला माहितीय ते.”

“माहितीय. घड्याळं मागंपुढं करून कुणालाही काहीही पटवता येतं. मी अंतर मोजलंय. तेरा हजार सहाशे आहे.”

“साडेसात हजारांच्या थोडं वर आहे, बाबा. सगळीकडे तेच लिहिलंय.”

“लिहिणाऱ्यानं मोजलंय का?”

“बाबा, पण...”

“आईला बोलवायचं म्हणून खोटं सांगू नकोस!”

मी यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर खाली बसला असता.

“मी खोटं बोलतेय?” लेक म्हणाली. अगदी हळू. “मग दोनदा गेलं तेही मी खोटंच सांगितलं असेन.”

आणि फोन बंद झाला.

हे उठले आणि मोरीतला नळ घट्ट करून आले. नळ गळत नव्हता.

त्यानंतर बाप-लेक बोलेनात. पाच आठवडे गेले. लेक मला फोन करायची ती हे बाजारात जायची वेळ साधून. शेजारणीच्या सुनेनं मला तिच्या मोबाइलवर ते अंतर दाखवलं, लेक म्हणत होती तेच. मी यांना सांगितलं. “तिनं मोजलं का?” हे म्हणाले. मी म्हटलं, तिनं कशाला मोजायचं, सगळ्या जगानं मोजून ठेवलंय! तर म्हणाले, “खात्यातही सगळं लिहून ठेवलेलं होतं. बाराव्या किलोमीटरच्या दगडाचं काय झालं, आठवतंय ना?”

आठवत कसं नाही! लग्नानंतर पहिली तीन वर्षं मी दुसरं काही ऐकलंच नाही. शहराबाहेरच्या रस्त्यावर बाराव्या किलोमीटरचा दगड होता, चाळीस वर्षं जुना. नोंदवहीत बारा, नकाशात बारा, साहेबांच्या तोंडीही बारा. यांनी मोजलं तर चारशे मीटर कमी. सगळं खातं हसलं. साहेब म्हणाले, लोकांना सवय झालीय, राहू द्या. यांनी अकरा महिने अर्ज केले, शेवटी तो दगड उपटून चारशे मीटर पुढे नेला तेव्हा कुठे माणूस जेवला. तेव्हापासून लिहिलेल्या गोष्टीवर यांचा विश्वास नाही. स्वतः मोजलेल्यावर आहे.

मला विमानाचं तिकीट काढून, यांच्या पाठीमागून डॉक्टरांकडे जाऊन, दुसरं पत्र आणता आलं असतं. मनात आलं नाही असं नाही. पण मग मी तिकडे गेले असते आणि हे इथे एकटे त्या नकाशासमोर बसले असते, लेकीनं आणि बायकोनं मिळून आपल्याला फसवलं असं समजत. बाप-लेक कायमचे तुटले असते. आणि खरं सांगू? मलाही धीर नव्हता. उद्या विमानात खरोखरच सोळा तास लागले तर? चौतीस वर्षं या माणसाचं माप चुकलेलं मी पाहिलं नव्हतं. राग होता तो होताच, पण विश्वासही होता. या दोघांच्या मध्ये मी पाच आठवडे शिवत बसले.

त्या दिवशी बँडवाल्यांच्या बारा टोप्या पुऱ्या करायच्या होत्या. निळ्या, गोल, आणि डोक्यावरून आडवी एक सोनेरी पट्टी, या कानाच्या वरपासून त्या कानाच्या वरपर्यंत. सकाळीच लेकीचा फोन येऊन गेला होता. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती आणि तिला झोप नव्हती. “आई, मला भीती वाटते गं. दिवसभर छताकडे बघत असते,” म्हणाली. सहावा महिना संपत आला होता. मी तिला काहीबाही बोलून हसवलं आणि फोन ठेवून पट्ट्या कापायला बसले. डोळ्यांत पाणी, हातात कात्री. बारा पट्ट्या कापल्या. पहिली टोपी मापाच्या लाकडी डोक्यावर चढवली, पट्टी लावली, तर पट्टी मोठी. चांगली चार-पाच बोटं लोंबतेय. दुसरी लावली, तीही मोठी. बाराच्या बारा!

स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. मग लक्षात आलं की मी पट्टीची लांबी डोक्यावर मोजलीच नव्हती. टोपीचा कागदी नमुना टेबलावर अंथरलेला होता, त्याच्यावरच्या दोन खुणांमधलं अंतर मी मोजलं होतं. आता, गोल टोपीचा नमुना टेबलावर सपाट बसत नाही. त्याला वरून चिरा द्याव्या लागतात, मग त्याच्या पाकळ्या होतात, आणि पाकळ्या एकमेकींपासून लांब जातात. डोक्यावर ज्या खुणा जवळ असतात त्या कागदावर दूर पडतात. शिवणकामाला लागलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात हे शिकवतात.

मी ती पट्टी हातात घेऊन तशीच बसले. मग मान वळवून दारातून बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. पृथ्वी गोल आहे हे मी शाळेत पाठ केलं होतं. तेवढं पुरेसं होतं.

उठून ओरडावंसं वाटलं. पण यांना सांगून काही पटत नाही, मोजूनच पटतं, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलंय. मी लाकडी डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही कानांच्या बऱ्याच वर एकेक टाचणी ठोकली आणि हाक मारली.

“अहो, जरा इकडे या. माझं माप चुकतंय.”

हे लगेच आले. माझं माप चुकतंय हे ऐकायला यांना फार आवडतं.

“तुझी ती ताणलेली फीत,” म्हणत यांनी स्वतःची काढली. “काय मोजू?”

“या टाचणीपासून त्या टाचणीपर्यंत. आडवं, कपाळावरून.”

तीनदा मोजलं. “सव्वीस.”

“आता वरून, टाळूवरून.”

तीनदा. “साडेबावीस. वरून कमीच येणार.”

“का?”

“का म्हणजे? वरून वळसा कमी पडतो. एवढं कळत नाही? घरात डोकं एकच आहे आणि तेही लाकडाचं.”

एरवी मी याचं उत्तर दिलं असतं. त्या दिवशी गिळलं. मी कागदी नमुना टेबलावर सारखा केला, टाचण्यांच्या जागी पेन्सिलीनं दोन ठिपके दिले.

“आता हेच अंतर इथे मोजा.”

यांनी फीत ठेवली. “एकतीस. पण कागदावर कशाला मोजतेस? कागद सपाट आहे, डोकं गोल आहे. सपाट करताना वरचा भाग फाकतो. कागदावरचं अंतर खरं कसं...”

आणि हे थांबले.

फीत तशीच टेबलावर ताणलेली होती. यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लाकडी डोक्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. बाहेरच्या खोलीत गेले. नकाशासमोर वाकून, अगदी खालच्या कोपऱ्याला नाक लावून काहीतरी वाचत राहिले. मग बूट घातले आणि दार ओढून घेऊन बाहेर पडले. फीत टेबलावरच विसरले. चाळीस वर्षांत हा माणूस खिशात फितीशिवाय घराबाहेर पडलेला मी पाहिला नव्हता.

वाटलं, फार झालं. म्हाताऱ्या माणसाजवळ एकच गोष्ट होती, तीही मी काढून घेतली. टोपीला हात लागेना. खिडकीत जाऊन उभी राहिले, परत येऊन बसले, पुन्हा उभी राहिले.

दोन तासांनी हे आले. कोपराला खडूचा पांढरा डाग होता.

“कुठे गेला होतात?”

“शाळेत. त्यांच्याकडे पृथ्वीचा मोठा गोल आहे. बाईंना म्हटलं, जरा मोजू द्या. वर्ग चालू होता, पोरं हसत होती. हसू देत. कागदाची पट्टी घेऊन मोजलं.” हे खुर्चीत बसले. “रेषा वरून जाते, पार उत्तरेच्या बर्फावरून. मी आडवं मोजत बसलो होतो. आणि नकाशाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलंय की हे प्रमाण मधल्या विषुववृत्ताच्या रेषेपुरतंच आहे. चौतीस वर्षं मी हाताखालच्या माणसांना ओरडत आलो की तळटीप वाचा.”

“किती आलं?”

“सात हजार सातशे. पन्नासेक इकडेतिकडे.”

बोलण्यासारखं खूप होतं, पाच आठवड्यांचं साठलेलं, पण यांचा चेहरा पाहून ते बाहेर पडेना.

“तुला एक सांगू?” हे म्हणाले. “पोरीनं सव्वानऊ तास सांगितले, तेव्हाच मला वाटलं होतं की कुठेतरी चुकतंय. एवढा फरक पडत नसतो. दुसऱ्या कुणाचं माप असतं तर मी पुन्हा मोजायला लावलं असतं. स्वतःचं मोजलं नाही. तू दवाखान्यात होतीस ना, ते सहा दिवस मी त्या बाकावर बसून होतो. मला सोळाच तास हवे होते. सोळा म्हटलं की तू जाणार नाहीस.”

एवढं लांब हा माणूस स्वतःबद्दल कधी बोलला नव्हता. मला रडू आलं, आणि रागही आला, आणि उठून यांच्या कोपरावरचा खडू झटकला.

“चल,” हे म्हणाले.

“कुठे?”

“डॉक्टरांकडे. बंद व्हायच्या आत.”

दवाखान्यात गर्दी होती. आमचा नंबर आल्यावर डॉक्टर बाईंनी खुर्ची दाखवली. मी बसले. हे बसले नाहीत.

“डॉक्टर, मागच्या वेळी मी तुम्हाला सोळा तास सांगितले होते. माझं माप चुकलं. अंतर सात हजार सातशे आहे, तास सव्वानऊ. हिच्या कागदावर माझ्या सांगण्यावरून जे लिहिलंय ते खोडा.”

“अहो काका, बसा तर आधी. होतं असं.”

“माझ्याकडून होत नाही,” हे म्हणाले. “झालं. आधी खोडा, मग बसतो.”

दार अर्धवट उघडं होतं. बाहेरच्या बाकांवरची माणसं ऐकत होती, त्यात आमच्या गल्लीतलेही दोघे होते. यांनी आवाज खाली आणला नाही. डॉक्टर बाईंनी ती ओळ खोडली, सही केली, माझा पाय पुन्हा तपासला आणि नवीन पत्र लिहिलं. “दर तासाला उठायचं हं काकू. झोप लागली तरी. यात सूट नाही.”

परतताना मी म्हटलं, “लेकीला आता तुम्ही फोन करा.”

“तूच कर. कुठल्या तोंडानं बोलू मी तिच्याशी? काय बोलून बसलो मी त्या पोरीला...”

मीच केला. लेक रडली, हसली, पुन्हा रडली. बाबांबद्दल तिनं विचारलं नाही, आणि यांनी फोन मागितला नाही. माझे कागद लेकीनं आधीच करून घेतले होते, पण यांचा पासपोर्टच नव्हता. ‘मला कुठे जायचंय’ म्हणून जन्मात काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी मला न सांगता जाऊन यांनी अर्ज केला. पावती कपाटात दिसली म्हणून मला कळलं.

बारा दिवसांनी मी निघाले. विमानतळावर यांना काचेच्या दारापर्यंतच सोडत होते. मी दाराबाहेरच्या रांगेत लागले, वळून पाहिलं तर हे जागेवर नाहीत. शोधलं, तर रांगेच्या शेवटी एका अनोळखी मुलीपाशी उभे. मुलगी पाठीवर पिशवी लावून, आणि हे तिच्यासमोर हात जोडून काहीतरी सांगतायत. या माणसानं आयुष्यात कुणाकडे पाण्याचा पेला मागितलेला नाही. रस्त्यावर उन्हातान्हात दिवस काढले, पण कुणाच्या दारात उभे राहिले नाहीत. मुलगी मान डोलावत होती. मग यांनी लांबूनच मला हात केला आणि लगेच पाठ वळवली. मला कळलं की डोळे पुसायचे असणार.

विमानात ती मुलगी आपली जागा बदलून माझ्या शेजारी येऊन बसली.

“काकांना शब्द दिलाय,” ती म्हणाली. “दर तासाला तुम्हाला उठवायचं.”

आणि उठवलंच बाईनं. मी पेंगले की खांद्याला हात लागायचा, “काकू, उठा.” मग आम्ही दोघी त्या अरुंद वाटेनं शेवटच्या दारापर्यंत जायचो आणि परत यायचो. सहाव्यांदा मी तिला म्हटलं, आता पुरे गं, पाय ठणठणीत आहे. ती म्हणाली, “तुमचा असेल. पण काकांना काय सांगू?” खाली पाहिलं तेव्हा पांढरं शुभ्र बर्फ होतं, सगळीकडे, आणि माणसाचं एक घर नाही. मला भीती वाटली नाही. यांनी मोजलेल्या रस्त्यानं चालले होते.

जावई घ्यायला आला होता. लेकीची खोली दुसऱ्या मजल्यावर, पलंग खिडकीला लावलेला. ती कुशीवर पडून होती. मी सांगितलं होतं तरी उठून बसायला गेली, मी ओरडले, आणि मग आम्ही दोघी कितीतरी वेळ तशाच एकमेकींना धरून. ती वाळली होती, पोट तेवढं दिसत होतं. मी त्यावर हात ठेवला. आत हालचाल होती, चांगली जोरकस.

“बाबांना कळवलंस पोचलीस म्हणून?” तिनं विचारलं. सहा-सात आठवड्यांत पहिल्यांदा तिनं तो शब्द उच्चारला होता.

“तू कळव,” मी म्हटलं आणि माझा फोन तिच्या हातात दिला.

ती जरा वेळ नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मग नंबर लावला आणि मला ऐकू यावं म्हणून उशीवर ठेवला. पहिल्याच घंटीला यांनी उचलला.

“हॅलो! पोचलीस ना? पाय कसा आहे?”

“बाबा, मी बोलतेय.”

यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“आई पोचली,” लेक म्हणाली. “पाय बरा आहे तिचा.”

“हं.” मग पुन्हा काही नाही. मला वाटलं, ठेवतात आता. मी हात पुढे केला.

“आणि तू?” हे म्हणाले. “तू कशी आहेस गं बाळा?”

लेकीनं फोन उशीवरून उचलून कानाला लावला, डोळे मिटले आणि बोलायला लागली. पडून पडून पाठ कशी दुखते, रात्री बाळ कसं लाथा मारतं, छताच्या कोपऱ्यातला ओलीचा डाग रोज केवढा वाढतो. सगळं सांगत होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले. चहाचं भांडं कुठे ठेवलंय ते शोधायला मला बराच वेळ लागला, आणि मी तो लागू दिला.